शांत गटातला जास्तीचा माणूस

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, भुताखेतांच्या गप्पांवर फिदीफिदी हसणारा. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

तेही रात्री नाही... रविवारी, भर दुपारी.

माझी वहिनी संशोधन करते. करायची. कारखान्याच्या गोंगाटात राबून माणसाचे कान मंदावतात का, हा तिचा विषय. माणसाला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं. हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. किती वेळ लागला, तो आकडा थेट कॉम्प्युटरमध्ये. एक गट गोंगाटातला, एक शांत जागेतला. दोन्ही गटांची सरासरी काढायची, तुलना करायची, चार्ट काढायचा.

सोमवारी चार्ट तिच्या सरांच्या हातात हवे होते. पण गेले काही दिवस तिला प्रयोगशाळेत एकटीला बसवत नव्हतं.

"भाऊजी, नुसते येऊन बसा. मोबाइल बघा हवं तर."

"घाबरतेस की काय, वहिनी?"

ती हसली नाही.

सगळी इमारत बंद होती. आमच्या खोलीत फक्त पंख्याची घरघर. जाड काचेपलीकडे ती केबिन. आत खुर्ची, हेडफोन, बटण.

माणूस नाही.

वहिनीनं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर दोन खांब उभे राहिले. गोंगाटवाल्यांचा उंच, शांतवाल्यांचा बुटका.

"बघा, फरक सरळ दिसतोय," ती खुशीत म्हणाली. रंग बदलायला तिनं चार्ट पुन्हा काढला...

शांतवाल्यांचा खांब खाली घसरला होता.

"या गटात एक माणूस जास्त आलाय. काल नव्हता हा." तिनं पडद्याला नाक लावलं. "वेळ शून्य? आवाज येतो त्याच क्षणी बटण? असं कुणालाच जमत नाही."

तिनं त्या माणसाची ओळ उडवली.

टक्.

बटणाचा आवाज.

ओळ परत आली. आता आकडा शून्याच्याही खाली. म्हणजे आवाज व्हायच्या आधीच कुणीतरी बटण दाबलं होतं.

"वायरीत लोचा असेल," म्हणत मी उठलो. मशीनमधून बटणाची वायर उपटली. "आता कोण दाबतंय बघू."

टक्.

वायर माझ्या हातात लोंबत होती.

"वहिनी, राहू दे. चल घरी."

पण ती पेटली होती. "इतके दिवस रक्त आटवलंय मी! कुणीही यावं आणि माझी सरासरी बिघडवावी?"

उडवली. टक्. उडवली. टक्. खांब घसरत घसरत शून्याच्या रेषेखाली उतरला...

आणि तिचा हात थांबला.

"भाऊजी... ती केबिन आवाजबंद आहे."

"मग?"

"आत कुणी बोंबललं तरी बाहेर ऐकू येत नाही."

मी काचेवरची नजर काढून खोलीत फिरवली.

आवाज आमच्याच खोलीतून येत होता.

तिच्या खुर्चीजवळून... उजवीकडून...

टक्.

वहिनी किंचाळली आणि उजवा कान दाबून खाली कोसळली.

"ओरडला! कानात ओरडला माझ्या!"

देवाशपथ सांगतो, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी तिला अक्षरशः ओढत जिन्यावरून खाली आणलं.

डॉक्टर म्हणाले, उजव्या कानानं ऐकू येत नाही. दोष मात्र कुठेच सापडला नाही. "जवळ मोठा स्फोट वगैरे झाला होता का?" त्यांनी विचारलं. दादा माझ्याकडे बघत राहिला.

सरांनी सोमवारी फाइल उघडली. म्हणे सगळं ठीकठाक आहे. तरी वहिनी परत तिथं गेली नाही. संशोधन सुटलं ते सुटलंच.

काल आम्ही तिघं जेवत होतो. ती घास टाकून ताडकन उठली.

"काय झालं गं?" दादानं विचारलं.

"किती वेळा सांगायचं, जरा सरकून बस म्हणून," ती पुटपुटली. "ऐकतच नाही."

दादाला वाटलं, त्यालाच म्हणतेय. तो मुकाट्यानं सरकला.

पण दादा तिच्या डावीकडे होता. उजवीकडे... नुसती भिंत.