कोरडी बोटं

मलेशियातल्या इपो शहराच्या जुन्या पेठेतलं लिओंग आंटींचं, चहा आणि वाफवलेल्या डिमसमचं हॉटेल पहाटे उघडतं आणि दुपार व्हायच्या आत शटर ओढतं. तिथल्या संगमरवरी टेबलांच्या जागी नुकतीच काळ्या काचेची टेबलं आली होती. बोट लावलं की काचेवर पदार्थ दिसायचे, कप रिकामा झाला की वेटरला आपसूक कळायचं. ही टेबलं चोंग सूक यिननं क्वालालंपूरला बसून आखली होती. आखताना तिच्या डोळ्यांसमोर एकच गिऱ्हाईक होतं, तिचे वडील. आबा रोज कोपऱ्यातल्या मोठ्या गोल टेबलाशी एकटेच बसायचे, आणि गर्दीच्या वेळी त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

आमच्या चिनी लोकांत कुणी चहा ओतला की तोंडानं आभार मानत नाहीत, टेबलावर बोटं ठोकतात. बरोबरीच्यानं ओतला तर दोन बोटं. धाकट्यानं ओतला तर मोठा माणूस एकच बोट टेकवतो, बस्स. यिननं ही रीतही टेबलात घातली होती. ठोकलं की कपाशेजारी बोटांएवढे उजेडाचे ठिपके उमटायचे, आणि कॉलेजची पोरं उगाचच ठोकत बसायची.

आबांची बोटं मात्र टेबलाला कळेनात. उभी हयात कथलाच्या खाणीत गेलेली ती बोटं, वाळून लाकूड झाली होती. त्यांनी दोनदा ठोकून पाहिलं, मग हात मांडीवर ठेवला.

"टेबलालासुद्धा म्हाताऱ्यांचा कंटाळा आलेला दिसतोय," ते म्हणाले.

यिनला ते लागलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच टेबल ओळखेना. कोरड्या कातडीचा स्पर्श काचेला कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं फोन काढला आणि त्या एका टेबलाची स्पर्श ओळखायची जाणीव वरच्या टोकाला नेऊन ठेवली. ठिपके उमटले. आबा लहान मुलासारखे खूश झाले, आणि नेहमीप्रमाणे बाकीच्या पाच कपांत चहा ओतायला लागले.

ते पाच कप त्यांच्या खाणीतल्या दोस्तांचे. एकेक करून पाचही जण गेले होते, पण आंटी अजून सहा कप मांडायच्या आणि आबा अजून सगळ्यांना ओतायचे. आधी लोय, मग उजवीकडून फिरत शेवटी स्वतःला. यिनला याची लाज वाटायची, म्हणून ती त्या वेळी दुसरीकडे बघायची. आज मात्र तिची नजर काचेवरच होती.

लोय अंकलचा कप भरला. त्याच्याशेजारी दोन ठिपके उमटले.

वाफ असेल, थेंब उडाला असेल. तिनं काच पुसून कोरडी केली, पंखा बंद करायला लावला. आबांनी पुढचा कप भरला, तिथेही दोन ठिपके. पुढच्या आठवड्यात तिनं काच बदलली, तारा बदलल्या. फरक शून्य. कप अर्धा असेपर्यंत काही व्हायचं नाही. भरला की ठिपके यायचे, आणि लोय अंकलचे सगळ्यांत ठळक असायचे.

"लोय पहिल्यापासून दणकन ठोकतो," आबा म्हणाले. त्यांना नवल वाटलेलंच नव्हतं.

गिऱ्हाइकं कोपरा टाळायला लागली. शेवटी आंटींनी यिनला गल्ल्यापाशी बोलावून घेतलं. तुझं टेबल शहाणं आहे की भुताळं, असं लोक विचारतात म्हणाल्या. एक तर ते नीट कर, नाहीतर सगळीच उचलून ने. टेबलं गेली असती तर आबा पुन्हा कोपऱ्यात वेटरसाठी हात वर करून बसले असते. यिननं जाणीव खाली, अगदी शेवटच्या टोकाला आणली. मनातून तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी सहाही कप भरले. काच काळीच राहिली. त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं, तेही उमटलं नाही.

"माझं जाऊ दे गं. पण भरल्या पंगतीतून कुणाला उठवू नये, यिन."

"आबा, ते बिघडलेलं यंत्र होतं."

"असेल. आता ते येत नाहीत म्हटल्यावर मलाच गेलं पाहिजे." ते हसले आणि त्यांनी पाव तोडून तोंडात टाकला. ते हसले म्हणून तीही हसली.

पुढच्या रविवारी यिन क्वालालंपूरहून आली तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. आबा कधी उशीर करत नसत. येतीलच, म्हणत आंटींनी किटली आणि सहा कप आणून ठेवले. आबांना चहा जरा निवलेला लागतो, म्हणून यिननं त्यांचा कप आधीच भरून ठेवला.

कपाशेजारी एक ठिपका उमटला.

एकच.

तिनं फोन काढून पाहिलं. जाणीव शेवटच्याच टोकाला होती. तिथे आबांचं बोट कधीच उमटलं नव्हतं. हा ठिपका तर पोरांच्या ओल्या बोटांसारखा लख्ख होता.

हातातला फोन वाजायला लागला. आबांच्या शेजारणीचं नाव होतं.

काचेवर आणखी दोन ठिपके उमटले, लोय अंकलच्या जागी. मग त्यांच्या उजवीकडे दोन. मग पुढे, एकेका जागी थांबत, आबा ओतायचे त्याच क्रमानं.

ते पाचही कप कोरडे होते.