न हुकणारी तलवार

पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरता भरता ती पुटपुटली, "लागोपाठ तीनदा वार हुकला मेला! कुणी केलंय हे गणित, एकदा भेटू दे..."

"मीच केलंय," मागून आवाज आला.

बाटली भरून पाणी तिच्या चपलेवर सांडलं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कचेरीत ती खेळ तपासायची. दिवसभर खेळून चुका शोधणं हेच तिचं काम. सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. हा वरच्या मजल्यावरचा गणित्या. लढाईत कुणाचा वार लागणार नि कुणाचा हुकणार, हे त्याच्या आकडेमोडीवर ठरायचं.

"पडद्यावर नव्वद टक्के लिहिलंय," ती म्हणाली.

"म्हणजे दहात एकदा हुकणारच."

"आणि तीनदा लागोपाठ?"

"हजारात एकदा तेही होतं. तो हजारावा माणूस मला शिव्या देतो... आज तुम्ही दिल्यात."

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. मग दोघांना एकाच वेळी तहान लागू लागली. भांडण ठरलेलंच. तो म्हणायचा, हुकण्याची भीती नसेल तर लढण्यात गंमत काय? ती म्हणायची, गंमत तुम्हाला, मनस्ताप आम्हाला.

एका दुपारी मात्र ती भांडली नाही. बाबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. जिन्यात बसून तिने त्याला तेवढंच सांगितलं, आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, नव्वद टक्के. आज निदान इथे तरी काही हुकू नये असं वाटतं."

तो उठला. तिची रिकामी बाटली घेतली आणि भरून आणून दिली.

बाबा बरे झाले. सहा आठवडे गेले. खेळ बाजारात जायला पाच दिवस उरले, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रजेवर होती म्हणून तिचं काम उरकायला ती तिच्या संगणकावर बसली. तीच तलवार, तोच राक्षस. चौथा वार हुकला. नववाही.

तिला चमत्कारिक वाटलं. आपल्या संगणकावर शेवटचा वार कधी हुकला होता? आठवेना. तिने नोंदी काढल्या. सहा आठवडे, चार हजार वार, आणि एकही हुकलेला नाही. तिला वाटत होतं, आपला हात बसलाय! चूक शोधणाऱ्या बाईला न झालेली चूक दिसलीच नव्हती.

ती तडक वर गेली. "माझ्या नावापुढे काय लिहून ठेवलंत?"

त्याचा चेहराच उतरला. "ही खेळत असेल तर वार हुकू नये... प्रोग्राममध्ये एवढी एक ओळ. एका दिवसासाठी होती. मग काढायला हात धजेना."

"सहा आठवड्यांच्या अहवालांवर माझी सही आहे. सगळे खोटे."

तिच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या आड भलतंच काही होतं. ते तिला कळत होतं, म्हणून आणखी राग येत होता. "माझं काम एवढं सोपं करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. चुकलो. साहेबांना मी सांगतो."

"सांगाच."

त्याने तिच्यासमोर ती ओळ पुसली आणि साहेबांकडे गेला. चांगली हजेरी घेतली गेली असावी, कारण लाल झालेले कान घेऊनच तो खाली आला. मग न विचारता खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. ती वार करत होती, तो लिहून घेत होता. चौदावा हुकला. इतक्या दिवसांनी हुकलेला वार बघून तिला बरं वाटलं.

"अजून रागावलायत?"

"हो."

"एक विचारायचं होतं. पण..." तो पेनशी खेळत राहिला. "किती टक्के शक्यता आहे, ते कळलं असतं तर—"

"नाही सांगणार."

त्याने पेन खाली ठेवलं. मग एकदम म्हणाला, "मला तू आवडतेस. विचारायचं एवढंच की... मी तुला?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिने हातातला खेळायचा कंट्रोलर बाजूला ठेवला.

"लागला," ती हळूच म्हणाली. "पण एकदा झालेलं आम्ही तपासनीस धरत नाही. पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला, या खेपेला न अडखळता.