उकळीचा भरवसा

मंगळावरच्या वस्तीत अलीकडे चहा गाळला की लगेच पिता यायचा, फुंकर मारायची गरजच नाही. नव्या चहापत्तीचा गुण, असं लोक म्हणत. पातेल्यातली डाळ मात्र शिजता शिजत नसे, आणि बायका डाळीच्या नावाने बोटं मोडत. हवेवर कुणाचा संशय जाणार? घुमटातली हवा सांभाळायला दाबकक्षातली माणसं होती ना!

त्या दाबकक्षाचा प्रमुख विश्राम. त्याची धाकटी बहीण द्वारका वस्तीतली एकुलती एक सुईण. दवाखान्यातलं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र बिघडलं, पृथ्वीवरून सुटा भाग यायला अवकाश होता, तेव्हा तिने दादालाच विचारलं होतं. पातेल्यात उकळून घे, आई घ्यायची तशी, असं तो म्हणाला. खळखळून उकळी येऊन हत्यारं त्यात चांगली नाचेपर्यंत द्वारका शेगडीपासून हलत नसे. तरी दोन बाळंतिणी तापाने गेल्या. दुसरी दत्तूची बायको कुसुम. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण द्वारका स्वतःलाच खात होती. हात घासून घासून तिने सालं काढून घेतली. विश्राम रोज यायचा, पाठीवर हात ठेवायचा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस म्हणायचा.

मग त्याच्याच लेकीचे, मीराचे दिवस भरले, आणि विश्राम घरचा कुकर घेऊन दवाखान्यात हजर. हत्यारं यात घाल, चांगल्या चार शिट्ट्या होऊ दे, म्हणाला. आजोबा व्हायच्या घाईत माणूस खुळावतो, म्हणून द्वारका हसली. बाळंतपण सुखरूप झालं, तापाचं नाव नाही. तेव्हा कुठे तिला खटकलं: या खेपेला बदललं होतं ते फक्त पातेलं.

"दादा, कुकरच का?"

विश्रामने आधी उडवाउडवी केली. ती दारातून हलेना, तेव्हा बोलला. पाण्यातून वाफ कायम निसटू बघते. पाणी तापवावं तसा तिचा जोर वाढतो, त्याला बाष्पदाब म्हणतात. पाण्याच्या डोक्यावर हवेचं ओझं असतं. वाफेचा जोर त्या ओझ्याइतका झाला की पाणी उकळतं. ओझंच कमी केलं, तर थोड्या तापण्यातही उकळी फुटते, आणि मग कितीही जाळ लावा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याच्या वर तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, तिचंच ओझं पाण्यावर बसतं, म्हणून तिथे ते खरं तापतं.

घुमटाचं आवरण थकलं होतं. आतल्या हवेचा रेटा त्याला सोसेना, म्हणून वर्षभर दाबउतार चालला होता: हवा हळूहळू कमी करायची आणि उरलेल्या हवेत प्राणवायू वाढवायचा, म्हणजे श्वासाला फरक कळत नाही. परतीचं यान एकच. ही गोष्ट फुटली असती, तर त्यात जागा मिळवायला लोकांनी एकमेकांना तुडवलं असतं.

"इथे पाणी पासष्ट अंशांना उकळतं, द्वारके. चिवट जंतू त्यात मरत नाहीत."

"मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"कुकर म्हटलं असतं, तर तू कारण विचारलं असतंस. आता विचारलंस तसंच."

"आणि मीराच्या वेळी?"

द्वारकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हाताने तो पाठ थोपटत होता, त्या हाताची तिला किळस आली. सगळ्या वस्तीला सांगते, म्हणून ती उठली. त्याने अडवलं नाही.

"सांग," तो म्हणाला. "कोण विश्वास ठेवतो ते बघ."

ती तडक दत्तूकडे गेली. कुसुम गेल्यावर साऱ्या वस्तीत त्या एकट्यानेच तिला जवळ बसवून घेतलं होतं, तुझा दोष नाही म्हणाला होता. तिने त्याला सगळं सांगितलं: हवा, वाफ, ओझं, दादा. दत्तूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुसुमच्या वेळी शेगडी मी स्वतः पेटवली होती, द्वारकाताई," तो म्हणाला. "पाणी खळाखळा उकळत होतं. या डोळ्यांनी बघितलं मी. आणि तू सांगतेस की ते तापलंच नव्हतं?"

"दत्तू, उकळलं म्हणजे तापलं असं नसतं रे. चल, तुला दाखवते."

"चुकतं माणसाचं. मी तुला मनापासून माफ केलं होतं." त्याचा आवाज चढला नाही. "पण स्वतःची चूक झाकायला सख्ख्या भावावर आळ घालतेस? ऊठ माझ्या घरातून."