जाड रेघांची चोरी

गुरुवारी सकाळी गोजराबाई लाड कोरमंगलाच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात शिरल्या तेव्हा वासुदेवराव इडली खात होते. सुचेता कर्णिकनं कागदांवरून नजरही न उचलता म्हटलं, "बसा. चामराजपेटहून दोन बस बदलून आलात, दमला असाल."

वासुदेवरावांच्या हातातली इडली हातातच राहिली. "हे कसं ओळखलंत?"

"बाईंनी फोनवर सांगितलं. तुम्ही तेव्हा चटणी आणायला गेला होतात."

वासुदेवरावांची बत्तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली होती. मुलामागोमाग पुण्याहून बेंगळुरूला आले आणि महिनाभरात कंटाळून सुचेताच्या मदतीला लागले. सुचेता त्याआधी पंधरा वर्षं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होती, आता लोकांच्या खाजगी भानगडी सोडवायची. बाई हुशार आहेत हे वासुदेवरावांना मान्य होतं. फक्त त्यांनी ते दर अर्ध्या तासाला सिद्ध करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गोजराबाईंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून वासुदेवरावांपुढे धरली. "पत्ता लिहिलाय घरच्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी. तुम्हीच वाचा अण्णा, मला अक्षर दिसत नाही. मोतीबिंदू आहे, पुढल्या महिन्यात ऑपरेशन." मग त्या सुचेताकडे वळल्या. "चोर शोधायचा नाही मला. देवाप्पा चोर नाही, एवढं शोधून द्या. परवा शनिवारी तो दुकान बंद करून गदगला मुलाकडे चाललाय. कायमचा."

हकिगत अशी होती. गोजराबाईंचे यजमान संताजीराव शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर दर रविवारी ते गल्लीतल्या पोरांना ढगाची पेटी दाखवायचे. काचेच्या पेटीत स्पिरिटची वाफ, खाली आईस्क्रीमवाल्याकडून आणलेला कोरडा बर्फ. डोळ्यांना न दिसणारा एखादा कण त्या वाफेतून गेला की मागे पांढरी रेघ उमटते, विमान गेल्यावर आभाळात उमटते तशी. पेटीच्या मधोमध संताजीरावांच्या वडिलांचं जुनं फौजी घड्याळ असायचं. त्याच्या आकड्यांना रेडियमचा रंग होता, आणि त्यातून जाड जाड रेघा फुटायच्या.

"तीन रविवारांमागं रेघा होत्या," गोजराबाई म्हणाल्या. "मिनिटकाटा तेवढा सुटून सहावर पडला होता. म्हणून सोमवारी सकाळी घड्याळ देवाप्पाकडे दिलं. समोरच दुकान आहे त्याचं. गुरुवारी परत आलं. पुढल्या रविवारी बघतो तर जाड रेघ एकसुद्धा नाही! सगळ्या पोरांसमोर घरचे त्याला म्हणाले, तू तबकडी बदललीस. चोर म्हणाले हो. पन्नास वर्षांची दोस्ती."

"देवाप्पा काय म्हणाले?"

"काहीच नाही. तेच तर मला खातंय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वासुदेवरावांनी इडलीची बशी हळूच टेबलाखाली सरकवली. अशा वेळी समोर खाणं असलं की त्यांना उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

*

दुपारी तिघं चामराजपेटात पोचली. संताजीराव अठ्ठ्याहत्तरचे, ताठ, खिशाला दोन पेनं. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, गाव विचारलं, कॉफी मागवली आणि पेटी मांडायला घेतली.

"घड्याळाची काच कुठं गेली?" सुचेतानं विचारलं.

"मीच काढून टाकली, फार वर्षं झाली. या जाड रेघा अल्फा कणांच्या. अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, चौघांचं जडशीळ गाठोडं. साधा कागद आडवा धरला तरी अडतो, मग काचेतून कसा येणार? बीटा म्हणजे नुसता इलेक्ट्रॉन. तो सडपातळ, आरपार जातो. त्याची रेघ केसासारखी, वाकडीतिकडी."

"आणि ते चौघं एकत्र राहतात कसे? प्रोटॉन तर एकमेकांना ढकलतात ना?" वासुदेवरावांना शाळेतलं एवढं आठवलं याचा त्यांना फार अभिमान वाटला.

"शाब्बास! प्रबल बल असतं, ते धरून ठेवतं. निसर्गातलं सगळ्यात जोरकस बल. पण ते अगदी जवळ असेपर्यंतच. स्वल्प लांब गेलं की संपलं." बोलता बोलता संताजीरावांची नजर खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या दुकानावर गेली आणि तिथंच अडली. मग वळून म्हणाले, "पुण्याचे का तुम्ही? गोजरा, पाहुण्यांना कॉफी दे की!"

गोजराबाई एक शब्द न बोलता पुन्हा कॉफी घेऊन आल्या. वासुदेवरावांनी ती आनंदानं घेतली. पाहुणचार असावा तर असा, असं त्यांच्या मनात आलं.

पेटी तयार झाली. सुचेतानं मोजायचं काम वासुदेवरावांना दिलं. घड्याळ आत असताना मिनिटभरात जाड रेघ शून्य, बारीक एकतीस. घड्याळ बाहेर काढल्यावर बारीक सहा.

"बारीक रेघांचं काय," संताजीराव म्हणाले, "त्या आभाळातूनही येतात. माझा अल्फा गेला, तो सांगा."

सुचेतानं घड्याळ खिडकीशी नेलं आणि भिंग वासुदेवरावांना दिलं. "काय दिसतं?"

"तबकडी छान चकाकतेय. आकड्यांवर तर जास्तच. फक्त मधून सहाकडे, आकड्याच्या अलीकडेपर्यंत, एक बारीक पट्टा मंद आहे."

"केवढा?"

"काट्याएवढा. पण काटा तिथं नाहीये, तो बारावर आहे." वासुदेवरावांनी भिंग परत केलं. यात काय विशेष, ते त्यांना कळलं नाही.

*

पुढच्या खोलीत अपूर्व भाड्यानं राहायचा. नागपूरचा, कंपनीत कामाला. टेबलावर सात जुनी घड्याळं पाहून वासुदेवरावांनी सुचेताला कोपरानं ढोसलं.

"हो, ॲक्च्युअली मला ते घड्याळ हवं होतं," अपूर्व म्हणाला. "सरांना दोनदा विचारलं, ते नाही म्हणाले. विषय संपला."

"नुसती तबकडी मिळाली असती तर?"

"तबकडी बदलली, किंवा तिला काही लावलं, तरी कलेक्टर ते घड्याळ हातात धरत नाही, मॅडम. सगळी मजा ओरिजिनलमध्येच असते. आणि घड्याळ देवाप्पांकडे गेलं त्या वीकेंडला मी ट्रेकला होतो. शुक्रवारी गेलो, सोमवारी रात्री परत." त्यानं फोनवरचे फोटो दाखवले. वासुदेवरावांनी ते एकेक करून पाहिले. सगळ्यात चिखल होता.

संताजीरावांची नात रक्षिता एचएसआर लेआउटला राहायची. आज ती आली होती, पण पेटीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. एका वर्षाची लेक अक्षरा तिच्या कडेवर होती.

"आत या ना," वासुदेवराव म्हणाले.

"नको. ते घड्याळ आहे तोवर मी बाळाला घेऊन त्या खोलीत येणार नाही. मी अज्जांना किती वेळा सांगितलं, रंगाचे पोपडे निघतायत, टाकून द्या. तीन रविवारांपूर्वी अक्षरा रांगत गेली आणि घड्याळाला हात घालणार एवढ्यात मी किंचाळले. अज्जांचा चेहरा असा उतरला! मी रागात तशीच निघाले, जेवलेसुद्धा नाही."

"तेव्हा घड्याळ तुम्ही उचललंत?"

"मी? चिमट्यानंसुद्धा नाही उचलणार."

*

देवाप्पांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि एक स्टूल. कपाट अर्धं रिकामं झालं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू खोक्यात भरलेल्या.

"काय दुरुस्त केलंत घड्याळाचं?" सुचेतानं विचारलं.

"मिनिटकाटा. सैल झालेला, तबकडीवर चिकटून बसलेला. सोडवला, बसवला. अष्टे, एवढंच."

"तबकडीला व्हार्निश लावता कधी?"

देवाप्पा दुखावल्यासारखे झाले. "तबकडीला? छे छे. आणि लावायचंच झालं तर काटे काढल्याशिवाय कोण ब्रश लावेल? व्हार्निश आहे, ते भिंतीवरच्या घड्याळांच्या लाकडाला. कुणी मागितलं तर बाटलीभर देतो."

"अलीकडं कुणी मागितलं?"

देवाप्पांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "घड्याळ मीच बिघडवलं असं लिहून घ्या, अक्का. माझं नाव घाला. संताजीअण्णाला सांगा आणि जाऊ द्या मला."

बाहेर आल्यावर वासुदेवरावांनी निःश्वास सोडला. "वाईट वाटतं हो. पण कबूल केलं त्यांनी."

"वासुदेवराव," सुचेता म्हणाली, "आयुष्यात इतका वाईट कबुलीजबाब मी ऐकला नव्हता." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. वासुदेवरावांनी वळून पाहिलं तर तिचे डोळे ओले होते.

*

शुक्रवारी दुपारी सुचेता आधी गोजराबाईंशी स्वयंपाकघरात दार लावून बोलली. बाहेर आल्यावर गोजराबाई यजमानांच्या शेजारी जाऊन बसल्या, अगदी खेटून.

"सर," सुचेता म्हणाली, "मला जे वाटतं ते सांगते. चुकलं तर वर्गात थांबवता तसं थांबवा."

संताजीरावांना हे आवडलं. "पुरावा लागेल."

"घड्याळ आत असताना बारीक रेघा एकतीस, बाहेर काढल्यावर सहा. म्हणजे पंचवीस रेघा घड्याळातून येतात. तबकडी बदलली असती तर त्या आल्या असत्या का?"

संताजीराव थबकले. "नसत्या. रेडियम तिथंच आहे." ते स्वतःवरच चिडले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं! मग अल्फाच तेवढा का नाही?"

"अल्फाला साधा कागदही अडवतो, तुम्हीच म्हणालात. तबकडी नको तितकी चकाकतेय. तिच्यावर पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिलेत. बीटा त्यातून निघतो, अल्फा आतच राहतो. चोरी झालेलीच नाही. कुणीतरी ते घड्याळ निर्धोक केलंय."

"देवाप्पानं!"

"सहाकडे काट्याएवढ्या जागेत व्हार्निश नाही. म्हणजे ब्रश फिरला तेव्हा सुटलेला काटा तिथं पडलेला होता, आणि त्याला वळसा घालून रंगवलं. घड्याळजी काटे काढूनच रंगवेल. शिवाय सैल काटा चिकटेल कशानं? देवाप्पांच्या हाती घड्याळ आलं तेव्हाच तो चिकटलेला होता. ज्या रविवारी रेघा दिसल्या तो रविवार आणि सोमवारची सकाळ, एवढ्या वेळात हे याच घरात झालं."

"अपूर्व?"

"डोंगरावर. आणि जुन्या घड्याळांचा शौकीन तबकडीला काही लावणार नाही."

"रक्षिता तर हातही लावत नाही," संताजीराव आता स्वतःच मोजू लागले होते. "शिवाय तिनं केलं असतं तर बाळाला आत येऊ दिलं असतं. गोजराला सुई ओवता येत नाही, आकड्याआकड्यावरून ब्रश काय फिरवणार. आणि पातळ थरानं अल्फा अडतो, हे माहीत असलेला माणूस या घरात…"

ते थांबले. वासुदेवरावांना कालची दुसरी कॉफी आठवली, आणि आपण ती किती आनंदानं प्यालो ते आठवून त्यांना फार लाज वाटली.

"राहिलो मी," संताजीराव म्हणाले.

गोजराबाईंनी उठून कपाटाचा खालचा खण उघडला आणि आतली, आजवर औषधाची समजलेली लहान बाटली त्यांच्या हातात दिली. बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर संताजीरावांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दोन हात देणे. अक्षरासाठी.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मला काही आठवत नाही, गोजरा."

"असू दे. चांगलंच केलंत ना? लेकरासाठीच केलंत."

"कधीपासून होतंय हे?"

"दिवाळीपासून. डॉक्टरकडे चला म्हणायचा मला धीर होईना."

संताजीरावांनी बाटली उलटसुलट केली. मग त्यांचा चेहरा बदलला. "ही बाटली देवाप्पाची. मी मागून आणली असणार. म्हणजे त्याला…"

"भिंग लावताक्षणी कळलं असणार," सुचेता म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर आरोप केलात, तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं होतं की अण्णा, तूच माझ्याकडून व्हार्निश नेलंस. एका वाक्यात सुटले असते. पण मग तुम्ही विसरलात हे गल्लीतल्या पोरांसमोर उघडं पडलं असतं."

संताजीराव उठले. चपला न घालताच ते जिना उतरले. गोजराबाई त्यांच्या चपला हातात घेऊन मागे धावल्या, आणि त्यांच्या मागून वासुदेवराव.

देवाप्पा खोक्याला सुतळी बांधत होते. अनवाणी संताजीराव समोर उभे राहिलेले पाहून त्यांच्या हातातून सुतळी सुटली.

"तुला माहीत होतं," संताजीराव म्हणाले.

देवाप्पा सुतळी उचलायला वाकले.

"मी तुला चोर म्हणालो. पोरांसमोर! आणि तू ऐकून घेतलंस?"

"चोराचं काय, अण्णा, लोक चार दिवस बोलतात. तुला ते दुसरं कळलं असतं तर तू रविवारी पेटी मांडली नसतीस. मी ओळखतो ना तुला." देवाप्पांनी खोकं पायानं बाजूला सरकवलं. "इथं राहिलो तर एक दिवस तोंडातून निघून जाईल, म्हणून चाललो होतो."

संताजीरावांनी त्यांचा हात धरला. रस्त्यावरून रिक्षा हॉर्न वाजवत गेली, दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

"हे वाढणार, देवाप्पा. उद्या मी हे सगळं विसरेन. परत येऊन तुला चोर म्हणेन. मग?"

"मग परत होईन चोर." देवाप्पांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले. "पण त्यासाठी दुकान उघडं पाहिजे. सरी, झालं, आता ह्या सुतळीची गाठ सोड, माझी नखं राहिली नाहीत."