खालच्या गुहेतले तीन ठोके

"तू माझ्या मागे बसू नकोस," केया म्हणाली. "मला उलटी होईल."

तरी ईशानी तिथेच बसली. मिनीबसमध्ये दुसरी जागाच नव्हती. शुक्रवार, सकाळचे साडेसहा. शारजातल्या रोल्ला भागातून निघालेल्या त्या बसमध्ये बावीस माणसं होती आणि त्यातली सात माणसं एकमेकांकडे बघायचंसुद्धा टाळत होती.

महिन्यापूर्वी हीच सहल त्या सातजणांनी मिळून ठरवली होती. सबनीस चौथ्या मजल्यावर राहायचे, कर्णिक पाचव्या. ईशानी सबनीस आणि केया कर्णिक सातवीत एकाच बाकावर बसायच्या. त्यांचे वडील एकाच बांधकाम कंपनीत होते आणि रोज एकाच गाडीतून जबल अलीला जायचे. मग २००९चा फेब्रुवारी आला. दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबल्या आणि कंपनीने एका दिवसात एकशे चाळीस माणसं काढून टाकली. यादीवर सही राजाभाऊ सबनीसांची होती, कारण ते एचआर मॅनेजर होते. यादीत अरुण कर्णिकांचं नाव होतं.

त्यानंतर दहा दिवसांत दोन्ही घरं एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती. महिनाअखेरीस कर्णिक कायमचे पुण्याला परतणार होते. सहलीची तिकिटं परत घेतली जाणार नाहीत असं कळलं, तेव्हा सुचित्रा सबनीस म्हणाल्या, आपण का माघार घ्यायची? वरच्या मजल्यावर अपर्णा कर्णिक नेमकं तेच म्हणाल्या. म्हणून सगळे आले होते.

"इथे केया आली नसती तर मजा आली असती," असं ईशानीने धाकट्या भावाला, निनादला, मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

"व्हॉटेव्हर," पुढून आवाज आला.

बस रास अल खैमाच्या डोंगरांत शिरली, तसा दत्ताराम माइक घेऊन उभा राहिला. दत्ताराम म्हणजे त्यांचा गाइड. डोळ्यांवर काळा चष्मा आणि आवाजात सदा खेकसणं. जायचं होतं ती जागा म्हणजे एक अर्धवट राहिलेलं रिसॉर्ट होतं. एका बिल्डरने तिथे दहा देशांची दहा गावं उभारायचं ठरवलं होतं. मंदीत पैसा आटला तोवर एकच गाव कसंबसं तयार झालं होतं, व्हिएतनाम. सिमेंटचा डोंगर, त्यात गुहा, गुहांमध्ये बुद्धाची मंदिरं. दत्ताराम पूर्वी तिथले बंगले विकायचा. आता बंगले घेणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने फाटकाची किल्ली जवळ ठेवून स्वतःच अर्ध्या दिवसाच्या सहली काढायला सुरुवात केली होती.

"हात लावायचा नाही, मागे राहायचं नाही आणि प्रश्न विचारायचे नाहीत," त्याने बजावलं. "अकराला बस सुटणार. यल्ला, चला!"

डोंगर लांबून खरा वाटला, जवळून नाही. खडकावर बोटाने टिचकी मारली की तो पोकळ वाजायचा. वरच्या गुहेतल्या मंदिरात सोनेरी रंगाची फायबरची बुद्धमूर्ती होती, माणसाच्या तिप्पट उंच. कोपऱ्यातल्या स्पीकरवर मंत्र चालू होते. मोठी माणसं फोटो काढू लागली. राजाभाऊ मूर्तीच्या उजवीकडे उभे राहिले म्हणून अरुण कर्णिक डावीकडे गेले.

इतक्यात स्पीकर थांबला. दत्ताराम सीडी बदलत होता. त्या शांततेत ईशानीला ठोके ऐकू आले. टक, टक, टक. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टक, टक, टक. आवाज पायांखालून, खालच्या बाजूने येत होता.

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं, फक्त केयाने मान वर केली होती.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," केया म्हणाली. "पण तू ऐकलंस?"

"ऐकलं. मीही तुझ्याशी बोलत नाहीये."

दोघी आपापल्या वडिलांकडे गेल्या. राजाभाऊंनी ईशानीचं बोलणं अर्धवट तोडलं. इथे तमाशा नको, असं ते दातओठ खात म्हणाले, त्या लोकांना आणखी बोलायला निमित्त मिळेल. तिकडे अरुण कर्णिकांनी केयाला एवढंच विचारलं, सबनीसांच्या मुलीशी बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना? शेवटी निनादने सरळ दत्तारामलाच विचारलं. दत्ताराम म्हणाला, फायबर आहे, ऊन लागलं की वाजतं. मग त्याने स्पीकरचा आवाज वाढवला.

"ऊन कुठाय?" निनाद ताईच्या कानात कुजबुजला. "मी स्वेटर घातलाय."

गट पुढच्या मंदिराकडे सरकला, तेव्हा तिघं मागे राहिली आणि आवाजाच्या दिशेने पायऱ्या उतरून खाली गेली. खाली एक लोखंडी दार होतं. दाराला नवंकोरं कुलूप होतं. केया गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवरून बोट फिरवून तिने ते डोळ्यांजवळ धरलं.

"हे सिमेंट नाही," ती म्हणाली. "सिमेंट करडं असतं. हे आमच्या ओट्यासारखं चमकतंय. संगमरवराची पूड आहे."

त्या पांढऱ्या पुडीत सपातांचे ठसे होते. ईशानीने ते पायरीपासून दारापर्यंत मोजले, मग पुन्हा नीट पाहिले. "सगळे आत गेलेले आहेत," ती म्हणाली. "बाहेर आलेला एकही नाही."

दाराशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर, वायरी आत न्यायला ठेवलेलं एक भोक होतं. लहान मूल त्यातून सरपटत जेमतेम गेलं असतं. ईशानीने त्याला तोंड लावून हाक मारली, "कोणी आहे का? हॅलो?"

टक, टक, टक. आता ते घाईघाईने वाजले.

निनाद स्वेटर काढू लागला. "मी जातो आत. मी मावतो."

केयाने त्याची कॉलर धरली. "नाही. साइटवर असं भोक दिसलं की त्यात शिरायचं नाही. बाबांनी मला शंभर वेळा सांगितलंय. वरून काय पडेल ते कळत नाही."

तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. तिघं वाळूच्या गोण्यांमागे दबली. दत्ताराम खाली आला. त्याच्या हातात किल्ली होती. त्याने दाराला कान लावला. आतून पुन्हा तीन ठोके आले. दत्तारामने चष्मा काढला, घाम पुसला. किल्ली कुलपाजवळ नेली, तिथेच थोडा वेळ धरली आणि मग खिशात टाकली. तो झपाझप वर निघून गेला. वरून त्याचा आवाज आला. सहल संपली, सगळे बसमध्ये चला, असं तो ओरडत होता. तेव्हा जेमतेम सव्वादहा झाले होते.

ईशानी गोण्यांमागून बाहेर आली. "त्याने ऐकलं. ऐकून गेला तो."

"आपल्याला सोडून परत येईल तो, एकटा," केया म्हणाली. "शारजाला जाऊन परत यायचं म्हणजे तीन-चार वाजतील."

"आलाच तर."

मोठ्यांना पुन्हा सांगून उपयोग नव्हता. दत्ताराम पुन्हा फायबरचं नाव सांगेल आणि घरचे पुन्हा गप्प करतील. ठोक्यांसाठी कोणी दार उघडणार नव्हतं. मग कशासाठी उघडतील? दोघींना ते एकाच वेळी सुचलं असावं, कारण दोघींनी एकदम निनादकडे पाहिलं.

निनादला एकच वाक्य पाठ करायला दिलं आणि रडायला सांगितलं. त्याची त्याला तयारी करावी लागली नाही, तो आधीच रडवेला झाला होता. तो बसकडे पळाला. मुली वरच्या मंदिरात गेल्या. बुद्धमूर्तीचं आसन मागून उघडं आणि आतून पोकळ होतं. दोघी त्यात शिरल्या आणि गुडघ्याला गुडघा लावून अंधारात बसल्या.

मग केयाने विचारलं, "तुझ्या बाबांना यादीचं कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे ते आमच्या गाडीतून ऑफिसला जात होते. माझ्या बाबांच्या शेजारी बसून."

"मला माहीत नव्हतं," ईशानी म्हणाली. "शपथ."

"तुला माहीत असतं तर सांगितलं असतंस?"

ईशानीने विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. केयाने मान वळवली, पण तिचा गुडघा होता तिथेच राहिला.

बसमध्ये दत्ताराम ड्रायव्हरला निघायला सांगत होता. त्याने डोकी मोजलीच नव्हती. सबनीसांना वाटत होतं मुलगी मागे बसली असेल, कर्णिकांना वाटत होतं पुढे. निनाद दारात उभा राहिला आणि भोकाड पसरून ओरडला, "ताई आणि केया भोकातून खालच्या गुहेत गेल्या! त्या बाहेरच येत नाहीत!"

क्षणभरात बस रिकामी झाली. दत्ताराम सांगू लागला की ती गुहा बंद आहे, तिथे कोणी जाऊ शकत नाही. मुली इकडेच कुठेतरी असतील, आपण बसमध्ये थांबू. पण आता त्याचं ऐकतो कोण? सुचित्रा आणि अपर्णा, दहा दिवस एकमेकींना लिफ्टमध्ये पाहून जिन्याने जाणाऱ्या त्या दोघी, त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"दार उघड," अपर्णा म्हणाल्या.

"मॅडम, परमिशन नाही..."

"माझी मुलगी आत आहे. दार उघड, नाहीतर तुझ्या डोक्याने उघडेन," सुचित्रा म्हणाल्या.

दत्तारामने कुलूप काढलं. दोन्ही वडील मोबाइलच्या उजेडात मुलींची नावं घेत आत धावले आणि जागच्या जागी थांबले. आत मुली नव्हत्या. बांधकामाची परांची कोसळून पडलेली होती. पाइप आणि फळ्यांच्या त्या ढिगाखाली एक माणूस अडकला होता. पन्नाशीचा, अंगभर पांढरी धूळ, ओठ फुटलेले. उजवा पाय पाइपाखाली होता आणि हातात हातोडी होती. त्याने ती कशीबशी उचलली आणि पाइपावर तीनदा आपटली, जणू आपण दिसतोय यावर त्याचा अजून विश्वास नव्हता.

राजाभाऊ पाइप धरून ओढायला वाकले.

"हात लावू नकोस!" अरुण कर्णिक ओरडले. "हा असा ओढलास तर वरचं सगळं खाली येईल."

त्यांनी उजेड फिरवून ढीग नीट पाहिला. सेफ्टी इंजिनियर म्हणून त्यांनी पंधरा वर्षं हेच केलं होतं. बाहेरच्या वाळूच्या गोण्या त्यांनी आत आणवल्या, दोन फळ्यांखाली रचायला लावल्या. मग एका जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "सबनीस, इथे खांदा लाव. मी सांगेपर्यंत हलायचं नाही." पूर्वी ते त्यांना राजा म्हणायचे. राजाभाऊंनी मुकाट्याने खांदा लावला. पाइप चार बोटं वर उचलला गेला आणि इतरांनी त्या माणसाला हळूच बाहेर ओढलं.

तोवर मुली धावत आल्या होत्या. अपर्णांनी केयाचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. सुचित्रांनी ईशानीला एक चापट दिली आणि लगेच कवटाळलं. निनाद मात्र त्या माणसाजवळ बसून आपल्या बाटलीच्या टोपणाने त्याला थोडं थोडं पाणी पाजत होता.

त्याचं नाव मिन्ह. तो खरोखरच व्हिएतनामचा, संगमरवराच्या डोंगराखालच्या एका गावातला मूर्तिकार होता. बाकीचे सगळे कारागीर निघून गेले, तरी तो राहिला होता. त्या सगळ्या खोट्या डोंगरात एकच खरा दगड होता, खालच्या गुहेतला. त्यातली मूर्ती अपुरी सोडून जायला त्याचं मन होईना. बुधवारी दुपारी तो आत काम करत असताना दत्तारामने बाहेरून नवं कुलूप लावलं होतं. आदल्या सहलीत कोणी तिथे ठेचकाळलं होतं म्हणून. आत डोकावायची तसदी त्याने घेतली नव्हती. अंधारात वाट शोधताना मिन्ह परांचीवर चढला आणि ती कोसळली. जवळजवळ दोन दिवस तो तिथे पडून होता.

पोलीस आणि अँब्युलन्स अर्ध्या तासात आले. परवानगीशिवाय सहली काढत होतो, दार उघडलं तर सगळं बाहेर पडेल म्हणून घाबरलो, असं दत्तारामने कबूल केलं. तुम्हाला सोडून मी परत येणारच होतो, असंही तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. अँब्युलन्सचा डॉक्टर म्हणाला, संध्याकाळपर्यंत हा माणूस टिकला नसता.

पोलीस अधिकारी पांढऱ्या मिशांचा, उंच माणूस होता. त्याने तिन्ही मुलांशी हात मिळवले, निनादशी दोनदा. मोडक्या हिंदीत तो म्हणाला की इथे बावीस माणसं आली, कान फक्त तिघांना होते. मग त्याने विचारलं, या मुली कोणाच्या?

दोन्ही वडील पुढे झाले.

"माशाल्ला," अधिकारी कौतुकाने म्हणाला. "तुम्ही दोघं दोस्त आहात का?"

दोघंही आपापल्या मुलीकडे बघू लागले. अधिकारी वहीत काहीतरी लिहून निघून गेला. तो गेल्यावर अरुण कर्णिक खाली बघत म्हणाले, "यादी तू बनवली नव्हतीस, ते मला ठाऊक आहे. पण तीन आठवडे शेजारी बसलास. एकदा तोंडाने सांगायचं होतंस."

"सांगायला हवं होतं," राजाभाऊ म्हणाले. "मला धीर झाला नाही." मग ते केयाकडे वळले. "शाबास, केया. निनाद आत शिरला असता, तू अडवलंस. विसरणार नाही मी."

अरुण कर्णिकांनी ईशानीच्या डोक्यावर हात ठेवला.

दत्ताराम आणि ड्रायव्हर जबाबासाठी मागे राहिले, म्हणून पोलिसांनी दुसरा ड्रायव्हर दिला आणि बस परत निघाली. या वेळी केया खिडकीजवळ सरकून बसली आणि शेजारच्या जागेवरची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली. ईशानी तिथे जाऊन बसली.

सुचित्रांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. थोडा वेळ तो मांडीवर तसाच धरून ठेवला आणि मग रांग ओलांडून अपर्णांपुढे केला. अपर्णांनी त्यातून चार पुऱ्या घेतल्या, दोन मुलींना, एक निनादला आणि एक स्वतःला. डबा परत करताना त्यांनी आभार मानले नाहीत. पण झाकण नीट लावून दिलं.