पोकळी नको, खड्डा म्हण

माझ्या तोंडून निघाल्याशिवाय आमच्याकडे एकही मोठा माणूस मेला नाही. मंत्री असो, पैलवान असो, गाणारी बाई असो, मी रेडिओवर ‘दुःखद निधन’ म्हटलं की मगच तो रीतसर मेला. आता खरं सांगायचं तर मरायचे ते आपापले, मजकूर लिहायचे साहेब, आणि मी नुसता वाचायचो. त्यातही एकदा गडबड केली. एका कवीला जिवंतपणीच मारून बसलो. तो बिचारा अर्ध्या जेवणावरून उठून, हात न धुता, स्टेशनच्या दारात हजर!

परवा संध्याकाळी वीज गेली होती. नातसून दिव्याजवळ मोबाइल घेऊन बसली होती. कुणी जुनी नटी गेली होती, आणि हिला ग्रुपवर काहीतरी टाकायचं होतं.

“आजोबा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सगळ्यांनीच टाकलंय. मी काय टाकू?”

“तू विचार, या अजून होत्या का?”

“आजोबा!”

“अगं, सगळ्यांच्या मनात तेच असतं. मी जन्मभर बघत आलोय. मोठं माणूस गेलं की लोक आधी म्हणतात, ‘अरेरे.’ मग म्हणतात, ‘पण हे अजून होते?’ आणि मग हळूच विचारतात, ‘उद्या सुट्टी असेल का हो?’”

ती हसली. मोबाइल पालथा ठेवला. म्हटलं, सापडली. मग मी तिला पोटदुख्यांची गोष्ट सांगितली.

पोटदुखे म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा विनोदी नट. खरं नाव कुणी घेतच नसे. त्याच्या नाटकाहून जो तो पोट धरून घरी यायचा, म्हणून पोटदुखे. त्याचं स्वतःचं पोट असं, की रंगमंचावर आधी ते यायचं आणि मग मागून तो.

त्या दुपारी मी बाजारभाव वाचायला स्टेशनवर गेलो होतो. बाहेर धुकं इतकं दाट, की भरदुपारी दिवे लावलेले. मी बटाट्याचे भाव घोकत होतो, तेवढ्यात साहेब कागद नाचवत आले.

“पोटदुखे गेले. आत्ताच फोन आला. भाव राहू द्या, आधी हे वाचा. आणि नीट ऐका, त्या कवीच्या वेळी मी तुम्हाला वाचवलं. आज यातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर उद्यापासून घरी बसायचं.”

घरी बसणं मला परवडणार नव्हतं. बायकोचे दिवस भरत आले होते, आणि सातवी नापास माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? कागदावर नजर टाकली. नेहमीचाच माल. अल्पशा आजाराने निधन, काळाच्या पडद्याआड, आणि शेवटी रंगभूमीवर कधीही न भरून येणारी पोकळी. पैलवान गेला तेव्हा हीच पोकळी कुस्तीच्या आखाड्यात पडली होती. साहेब फक्त जागा बदलायचे.

मी आत गेलो. ती खोली तू बघितली नाहीस, पोरी. खिडकी नाही. भिंतींना जाडजूड कापडाचे थर. दार लागलं की बाहेरचं जग सुरीने कापल्यासारखं तुटायचं. स्वतःच्या पापण्या मिटल्या तरी ऐकू येतील, अशी शांतता. समोर काच, काचेपलीकडे यंत्र चालवणारा आणि वाचलेलं सगळं टेपवर उतरवून घेणारा खिळा. काडीसारखा बारीक, म्हणून खिळा. मी खुर्चीत बसलो, हेडफोन लावला.

आणि मला वास आला.

नाटकवाले तोंडाला लावतात ना, त्या तेलकट रंगाचा. त्यात घाम, आणि जुन्या मखमली पडद्याची धूळ. बंद खोलीत तो वास हळूहळू दाटत गेला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीने एक लांब कुरकुर केली... आणि तिची गादी खाली जात गेली. जात गेली. पार तळाला टेकली.

काचेपलीकडे खिळा काडीने कान कोरत होता. मी त्याला हाक मारणार, इतक्यात लाल दिवा लागला. आता मी खोकलो असतो तरी घराघरांत ऐकू गेलं असतं.

वाचायला लागलो. “सुप्रसिद्ध विनोदी नट पोटदुखे यांचं आज दुपारी दुःखद निधन झालं. त्यांच्या जाण्याने रंगभूमीवर...”

“पोकळी...?”

हेडफोनमध्ये. अगदी कानाला ओठ लावल्यासारखं.

“कसली पोकळी... माझं माप बघितलंस ना? खड्डा म्हण.”

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे गुन्हा, आणि मी गप्प बसलो होतो. काचेमागे साहेब येऊन उभे राहिले.

“घाबरू नकोस रे...” आवाज अजून खाली आला. “रडवायला तुम्ही सगळे आहातच. पण ही माझी शेवटची एन्ट्री आहे. पडली, तर सुधारायला उद्या मी नाही...”

एकीकडे साहेबांचे वटारलेले डोळे, एकीकडे ती दबलेली खुर्ची. पण त्या आवाजात अशी काही विनवणी होती, की माझी जीभ माझी राहिलीच नाही.

“...रंगभूमीवर खड्डा पडला आहे. त्यांचं माप ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी जपून चालावं.”

“थांब आता... लगेच पुढे पळू नकोस. लोकांना हसायला जागा दे...”

मी थांबलो. घामाचा एक थेंब कागदावर पडला, त्याचा टप् असा आवाज झाला.

“हं. आता आजाराचं घे...”

“ते अल्पशा आजाराने गेले. त्यांच्याकडे अल्प असं तेवढंच होतं.”

“वा... आता पुन्हा थांब...”

पुन्हा थांबलो. लाल दिवा विझला. शेजारची गादी फुस्स करत सावकाश वर आली, आणि वास गेला.

मी बाहेर आलो तेव्हा साहेब बीटासारखे लाल झाले होते. तोंड उघडणार तोच फोन वाजला. पोटदुख्यांची बायको! साहेब वाकून वाकून “माफ करा बाई... माणूस अडाणी आहे बाई...” म्हणाले, आणि मग एकदम सरळ उभे राहिले. रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे बाई हसत होत्या आणि रडत होत्या, दोन्ही एकदम.

“हे तुम्ही लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे त्यांचंच आहे. बातमी आल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस निघत नव्हतं. आत्ता निघालं, हसता हसता. संध्याकाळी परत लावा.”

नोकरी वाचली. त्या दिवशी दुकानं बंद झाली, पण बंद दुकानांपुढे लोक घोळक्याने हसत उभे. कुणी डोळे पुसतोय, कुणी खड्ड्याचं वाक्य पुन्हा सांगतोय. आणि संध्याकाळपर्यंत आमचे साहेब येईल त्याला सांगत होते, “‘खड्डा’ हा शब्द मलाच सुचला.”

“छान आहे की आजोबा,” नातसून म्हणाली. “यात भ्यायचं काय?”

“थांब. संध्याकाळी परत लावण्याआधी खिळ्याने टेप तपासायला घेतली. मी दोनदा थांबलो होतो ना? त्या बंद खोलीत, एकटा? टेपवर त्या दोन्ही जागी हसू होतं. एकट्याचं नाही. भरलेलं नाट्यगृह! शेवटी मांडी थापटून संपणारं हसू, ते पैलवानाचं. सुरात हसणारी ती गाणारी बाई. सगळे हसून झाल्यावर कळून हसणारा तो मंत्री. ज्यांना ज्यांना मी रेडिओवरून पोचवलं, ते झाडून सगळे आले होते, पोरी. खिळा उठला आणि चप्पल तिथेच सोडून घरी गेला.”

“काहीही हं आजोबा.”

“काहीही? मग ऐक. ती टेप मी जपून ठेवली होती, तुझ्या नवऱ्याने माझ्या मोबाइलमध्ये उतरवून दिलीय.” मी लावून दिलं. “सगळ्यांचं हसू मी ओळखलं, एक सोडून. पुढच्या रांगेतलं, चिरकं, हवा गळाल्यासारखं. इतक्या वर्षांत पत्ता लागला नाही, हा कोण बिनतिकिटाचा घुसलाय.”

मला वाटलं, हसेल. तिने एकदा ऐकलं. परत लावून ऐकलं. मग दिवा उचलून माझ्या तोंडाजवळ धरला.

“आजोबा... हे तर तुमचं हसणं आहे. तेव्हाचं नाही, आत्ताचं. सगळे दात काढल्यानंतरचं.”