काळ्या साडीवरचे सात ठिपके

भूपेंद्र पंप पाठीवर घेऊन आत आला आणि गायत्रीने टिकल्यांची जुनी डबी त्याच्यापुढे सरकवली. कडोदऱ्याच्या त्या कारखान्यात ती साड्यांवर टिकल्या लावायची, नवी नक्षी काढायची. तो महिन्यातून एकदा झुरळांचं औषध मारायला यायचा. दोघंही खानदेशातली, आणि एवढ्या ओळखीवर वर्षभर नुसत्या नजरा चालल्या होत्या. आज मात्र त्याची शेवटची फेरी होती. गुजराती शेठने सकाळीच सांगितलं होतं, झुरळ दिसत नाही, मग औषध कशाला?

"हे काय आहे, ओळखा बरं," गायत्री म्हणाली. "मागच्या झाडीत डबा खाताना सापडलं."

डबीत काळाभोर किडा होता. पाठीवर सात पांढरे ठिपके.

"मला आधी वाटलं, कुणी टिकल्याच चिकटवल्यात," ती हसली आणि समोरची काळी साडी दाखवली. "ही साडी त्याच्यावरूनच केली. शेठला फार आवडली."

तो वाकला... इतका जवळ, की त्याच्या साबणाचा वास तिला आला.

"याला हातात घेतलंत तुम्ही?"

"दोन दिवस तळहातावर खेळवतेय."

"गायत्री..." पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं. "हे झुरळ आहे."

झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी ती! तिने तळहात ओढणीला पुसला, पुन्हा पुसला.

पलीकडे गादीवर बसलेल्या शेठच्या कानावर 'झुरळ' हा शब्द गेलाच. "वंदो? मारा कारखानामां?" तो धडपडत उठला. "तो दवा चालू राखो भाई. दर महिने आवजो."

गायत्रीचा हात पुसता पुसता थांबला. दर महिन्याला! आत्ता ज्याची किळस आली, त्या झुरळाचे तिला पाय धरावेसे वाटले. हो म्हण, तिने मनात विनवलं, फक्त हो म्हण.

"नहीं शेठ," भूपेंद्र म्हणाला. "ये जंगलवाला है. सूखे पत्तों में रहता है, घर में नहीं बसता. दवा की जरूरत नहीं."

शेठ निश्चिंत होऊन निघून गेला. गायत्री मात्र जागीच उभी राहिली. हातातोंडाशी आलेला घास या माणसाने स्वतःच्या हाताने घालवला होता.

"एक शब्द खोटा बोलला असतात, तर काय बिघडलं असतं?" तिने विचारलं.

"पण झुरळाच्या नावावर किती दिवस येऊ?" त्याने पंप खाली ठेवला. मान वर न करता हळूच म्हणाला, "रविवारले तुना घर येऊ का... तुना नानाले भेटाले?"

वर्षभर अहो-जाहो करणारा माणूस एकदम घरच्या खानदेशी बोलीत, तेही तू म्हणून, थेट तिच्या वडिलांना भेटायचं विचारत होता! झुरळाचा धक्का यापुढे काहीच नव्हता. मग तिने डबी उचलली, झाडीत सोडायला त्याच्या हातात दिली, आणि बोटं लगेच मागे घेतली नाहीत.

"ये," ती म्हणाली. "पन पंप नको आनू."